कॉम्प्युटरची उरलेली ताकद विज्ञानाला देताना: प्रायॉरिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुकानातल्या तीन मशीनवर दिवसभर बॉइंक, म्हणजे मशीनचा रिकामा वेळ संशोधनाला देणारं सॉफ्टवेअर, चालू असतं. गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघून विचारतं, मग घरी जाऊन स्वतः टाकून बघतं आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर प्रश्न येतो. लातूर, नांदेड, हिंगोली, जालना, कुठूनही आला तरी प्रश्न तेच पंधरा-सोळा. ते इथे एकत्र केलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हे कॉम्प्युटर दान करणं म्हणजे काय? कॉम्प्युटर द्यायचा असतो का कुणाला?

कॉम्प्युटर तुमच्या टेबलावरच राहतो. प्रोसेसरचा जो वेळ नुसता वाया जातो, तो एखाद्या संशोधनाला द्यायचा. मोठ्या गणिताचे तुकडे करून हजारो लोकांच्या मशीनवर पाठवतात, तुमचं मशीन आपला तुकडा सोडवून उत्तर परत पाठवतं. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने सुरू केलेल्या सेटी ॲट होममुळे ही कल्पना घराघरांत गेली. त्या प्रकल्पाने मार्च २०२० मध्ये नवीन काम पाठवणं थांबवलं, पण त्यातूनच तयार झालेलं बॉइंक हे सॉफ्टवेअर आज बरेच प्रकल्प वापरतात. फोल्डिंग ॲट होम हे वेगळं, त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. खाली मी बॉइंक धरून बोलतोय.

२. कोणता प्रकल्प घेऊ?

आवडेल तो. प्रथिनांत रस असेल तर रोझेटा ॲट होम. त्यामागच्या प्रयोगशाळेचे डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मी मात्र आपल्याकडच्या माणसाला आइनस्टाइन ॲट होम सांगतो. लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या माहितीत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या लहरी शोधणं हे त्याचं मूळ काम. आणि लायगो-इंडिया होणार आहे ते हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच खुर्ची ओढून बसतो.

३. प्रायॉरिटी म्हणजे नेमकं काय? आपल्या भाषेत सांगा.

गल्लीत टँकर आलाय असं समजा. विंडोज म्हणजे टँकरवरचा माणूस, आणि रांगेत घागरी घेऊन उभे आहेत ते तुमचे प्रोग्रॅम. ब्राउझर, टॅली, वर्ड हे नॉर्मल रांगेत. बॉइंकचं काम लो रांगेत, म्हणजे सगळ्यांच्या मागे. पुढचा कुणीही घागर घेऊन आला की बॉइंकने बाजूला व्हायचं, तेही लगेच.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये अशा सहा पायऱ्या दिसतात: लो, बिलो नॉर्मल, नॉर्मल, अबव्ह नॉर्मल, हाय, रिअलटाइम. आत त्यांना आकडे असतात. लो म्हणजे ४, नॉर्मल म्हणजे ८. बॉइंक प्रोसेसरवरचं काम आपणहून लोवर टाकतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता या टँकरच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग. पुढे कुणीच नसेल तर शेवटचा माणूस काय करतो? आख्खा टँकर आपल्या टाकीत ओतून घेतो. प्रायॉरिटी लो आहे म्हणजे पाणी कमी घेईल असं नाही, नंबर शेवटचा आहे एवढंच. पुढचे निम्मे प्रश्न हे लक्षात न राहिल्यामुळे आलेले आहेत.

४. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १००% दिसतो. मशीन हँग होईल का?

नाही. १००% म्हणजे रिकामा वेळ उरला नाही, एवढंच. तुम्ही एक्सेल उघडलं की त्यातला हवा तेवढा वेळ एक्सेलला मिळतो आणि बॉइंकचा आकडा खाली येतो. स्वतः बघायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा ठेवून एखादी मोठी फाइल झिप करा. तरीही मशीन अडखळत असेल तर कारण प्रायॉरिटी नाही. ते प्रश्न ११ मध्ये आहे.

५. दादा, प्रायॉरिटी लो केली तरी कॉम्प्युटर लई तापायलाय. असं कसं?

कारण लो प्रायॉरिटीचं काम काही हलकं काम नसतं. प्रोसेसरच्या दृष्टीने गणित ते गणित. रात्री दोनला मशीनसमोर कुणी नाही, पुढे रांग नाही, म्हणजे बॉइंक सगळ्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतले गणित करणारे भाग) पूर्ण जोरात. उष्णता तेवढीच. आणि मे महिन्यात परभणीत खोलीतच चाळीसच्या आसपास असतं, वर पत्रा असेल तर विचारूच नका. हीटसिंकला (प्रोसेसरवरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) थंड हवा मिळायला ती खोलीत असावी तर लागते.

माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुकानातलं मागच्या खोलीतलं मशीन ९६ अंशांवर जाऊन धापा टाकत होतं. मी बॉइंकच्या सेटिंगमध्ये तासभर घालवला. शेवटी कॅबिनेट उघडलं, पंख्याचे चार स्क्रू काढले, तर पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या रंगाची गादी. बोटाने धरून उचलली तर आख्खी एकसंध निघाली, एखाद्या वातीच्या कापसासारखी. होतीच कापसाची. रस्त्यापलीकडे जिनिंग आहे, हंगामभर तंतू उडतात. ती काढली आणि तापमान सरळ ७८ वर आलं. तेव्हा आधी ब्लोअर, मग सेटिंग.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी, मला आवडतात त्या क्रमाने. पहिली, किती टक्के प्रोसेसर वापरायचे तो आकडा कमी करा. आठ असतील तर ५०% म्हणजे चारच कामं एका वेळी. दुसरी, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होतं असं वाटेल, पण त्याने बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. तिसरी, किती टक्के सीपीयू वेळ वापरायचा हा आकडा. हा मी शेवटी ठेवतो, कारण यात बॉइंक काम काही क्षण चालवतं, काही क्षण थांबवतं. पंखा सारखा घुऽऽ करून बसतो आणि उठतो, तापमानही तसंच वरखाली. त्यापेक्षा कमी कोअर, पण संथ लयीत, हे बरं.

आणि खरं सांगू का, १५ एप्रिल ते पहिला चांगला पाऊस या काळात मी दुपारी बारा ते सात बंदच ठेवतो. बॉइंकमध्ये रोजचं वेळापत्रक लावता येतं, त्यात एकदा वेळ भरली की झालं.

६. लाइट बिल किती वाढेल?

मोजल्याशिवाय सांगू नये, पण मोजायची गावठी पद्धत सांगतो. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा मिचकावतो आणि एका युनिटला किती वेळा ते मीटरवरच छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं तसंच ठेवून बॉइंक बंद असताना पाच मिनिटं मोजा, मग चालू करून पाच मिनिटं. समजा मीटरवर ३२०० लिहिलंय आणि वीस मिचकावण्या जास्त आल्या, तर वाढीव भार साधारण ७५ वॅट. रोज दहा तास चालवलं तर महिन्याला साडेबावीस युनिट.

यात एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आणि पुढचा १०१ ते ३००. तुमचं बिल नेहमी नव्वद-पंच्याण्णव युनिटांवर थांबत असेल तर या साडेबावीसपैकी शंभराच्या वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. आधीच दोनशेच्या घरात असाल तर साडेबावीसच्या साडेबावीस युनिट महागड्या दराने. प्रायॉरिटी बदलून बिलात एक रुपयाचा फरक पडत नाही.

७. लाइट गेली तर झालेलं काम वाया जातं का? इन्व्हर्टर असेल तर?

सगळं जात नाही. प्रोग्रॅम मधूनमधून कुठवर आलोय ते डिस्कवर लिहून ठेवतो. लाइट आल्यावर शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू. ही नोंद किती अंतराने व्हावी ते सेटिंगमध्ये असतं, पण काही प्रकल्पांची कामं सोयीचा टप्पा आल्याशिवाय नोंद करतच नाहीत.

इन्व्हर्टरवाल्यांनी मात्र नीट वाचा. बॉइंकमध्ये बॅटरीवर असताना थांब असं सेटिंग आहे. लॅपटॉपवर ते चोख चालतं. डेस्कटॉपवर ते तेव्हाच, जेव्हा यूपीएस यूएसबी केबलने मशीनला जोडलेला असतो आणि विंडोजला बॅटरी म्हणून दिसतो. घरच्या इन्व्हर्टरचा कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने लाइट गेलेलीच नाही. मग लोडशेडिंगमध्ये घरातले दोन पंखे आणि टीव्ही जेमतेम चालतोय आणि कॉम्प्युटर तिसऱ्या पंख्याएवढी वीज गुरुत्वीय लहरींवर घालवतोय. आमच्या घरी हे एका रात्री तीनला उघडकीस आलं. नंतरचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही. लाइट गेली की घड्याळाजवळच्या चिन्हावर राइट क्लिक करून स्नूझ करा, तासभर थांबतं. लोडशेडिंगची वेळ ठरलेली असेल तर वेळापत्रकच लावा.

८. टास्क मॅनेजरमध्ये प्रायॉरिटी बदलतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लो. का?

कारण तुम्ही बदलली ती त्या एका चालू कामाची. ते संपलं की बॉइंक नवीन प्रोसेस सुरू करतं आणि ती पुन्हा लो. कायमचं बदलायचं तर सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटामध्ये बॉइंकचं फोल्डर असतं, त्यातल्या सीसी-कॉन्फिग फाइलमध्ये प्रोसेस प्रायॉरिटी या नावाची ओळ घालावी लागते. किंमत ० ते ५: ० सगळ्यात खाली आणि तीच मूळची, २ म्हणजे नॉर्मल, ५ म्हणजे रिअलटाइम. प्रोग्रॅमडेटा लपवलेलं फोल्डर आहे, आधी दिसतं करा. नोटपॅड फाइलच्या नावामागे गुपचूप टीएक्सटी चिकटवतो, तेही बघा. निम्मे लोक तिथेच अडकतात. नंतर बॉइंक पूर्ण बंद करून चालू करा.

पण बदलायचंय कशाला? जवळजवळ कुणालाच याची गरज नसते. अपवाद प्रश्न १२ मध्ये आहे.

९. हाय किंवा रिअलटाइम केलं तर काम लवकर होईल ना? क्रेडिट (केलेल्या कामाचे गुण) जास्त मिळेल?

नाही. मशीनवर दुसरं काही चालू नसेल तर लोवर असतानाही बॉइंकला सगळाच वेळ मिळतोय, आणखी कुठून आणणार? आणि दुसरं काही चालू असेल तर तुम्ही स्वतःच्याच कामाच्या पुढे पाहुण्याला बसवताय. रिअलटाइमला तर हातच लावू नका. माउस, कीबोर्ड, डिस्क यांची विंडोजची स्वतःची कामंही तिथे मागे पडतात आणि मग मशीन खरोखर हँग होतं. नांदेडच्या एका पोराने केलं होतं, पॉवरचं बटण दाबून बंद करावं लागलं.

१०. सर, बॉइंकमध्येच एका कामापुढे "हाय प्रायॉरिटी" लिहून आलंय. मी तर काहीच केलं नाही!

घाबरू नका. नाव सारखं, गोष्ट वेगळी. एखाद्या कामाची मुदत जवळ आली आणि वेळेत संपेल की नाही अशी शंका वाटली की बॉइंक आपल्याकडच्या कामांत त्याला पुढे घेतं. जुन्या आवृत्त्यांत ते असं लिहून यायचं. विंडोजच्या लेखी ते काम तरीही लोच असतं, तुमच्या टॅलीच्या मागेच. तसंच रिसोर्स शेअर. तो दोन प्रकल्पांमधला वाटा आहे, त्याचा तुमच्या इतर प्रोग्रॅमशी संबंध नाही.

११. सगळं लोवर आहे, तरी टॅली आणि क्रोम अडखळतात. प्रायॉरिटी काम करत नाही का?

करते, पण फक्त प्रोसेसरच्या वेळेपुरती. मशीनमध्ये वाटून घेण्यासारखं आणखी बरंच असतं आणि तिथे ही रांग लागत नाही.

सगळ्यात नेहमीचं म्हणजे रॅम. चार जीबीच्या मशीनवर चार कामं चालू असतील आणि एकेक काम अर्धा-एक जीबी खात असेल तर विंडोज क्रोमला डिस्कवर ढकलतं. मग साधी टॅब बदलायला दहा सेकंद. मशीन वापरात असताना किती टक्के रॅम वापरायची तो आकडा कमी करा, आणि थांबवलेलं काम रॅममध्येच ठेवायची खूण अशा मशीनवर काढून टाका.

दुसरं, जुनी फिरती हार्डडिस्क. तिच्या रांगेवर प्रोसेसरच्या प्रायॉरिटीचा हुकूम चालत नाही.

तिसरं जरा आतलं आहे. टास्क मॅनेजरमध्ये आठ प्रोसेसर दिसतात, पण अनेक इंटेल मशीनमध्ये खरे कोअर चारच असतात. एका कोअरवर दोन धागे. तुमचं एक्सेल एका धाग्यावर आणि बॉइंक त्याच कोअरच्या दुसऱ्या धाग्यावर असेल तर विंडोजच्या हिशोबाने दोघांनाही जागा मिळाली, कुणी कुणाला उठवायचं कारण नाही. प्रत्यक्षात मात्र दोघं एकाच ताटात जेवतायत, एक्सेल हळू होणारच. यावर इलाज प्रश्न ५ मधलाच: ५०% प्रोसेसर.

आणि पीकविम्याच्या दिवसांत अर्ज भरणाऱ्यांनी हे काही करत बसू नये. बॉइंकमध्ये एक्सक्लुझिव्ह ॲप्लिकेशनची यादी असते. त्यात प्रोग्रॅमच्या फाइलचं नाव टाकलं की तो उघडा असेपर्यंत बॉइंक गप्प.

१२. ग्राफिक कार्ड लावलं तर यूट्यूब झटके देतं, आणि कधीकधी कार्ड रिकामंच बसतं. दोन्ही एकदम कसं?

दोन वेगळी दुखणी आहेत. झटक्यांचं कारण म्हणजे कार्डावर प्रोसेसरसारखी बारीक रांग नसते. गणिताचा एक घास सुरू झाला की तो संपेपर्यंत स्क्रीनचं चित्र थांबतं. प्रायॉरिटीने हे सुटत नाही. मशीन वापरात असताना ग्राफिकचं काम थांबव, ही खूण करा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी तर नक्कीच.

कार्ड रिकामं बसतं ते उपासमारीमुळे. कार्डाला पुढचा घास भरवायला प्रोसेसरचा थोडा वेळ लागतो. सगळे कोअर इतर कामांनी भरले असतील तर तो वेळ मिळत नाही. म्हणूनच बॉइंक ग्राफिकच्या कामाला मुळातच एक पायरी वर, बिलो नॉर्मलवर ठेवतं. तेवढ्याने भागलं नाही तर एक कोअर मोकळा सोडा. बॉइंक आणि फोल्डिंग ॲट होम दोन्ही एकाच मशीनवर चालवत असाल तर हे हमखास होतं, कारण दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

१३. उबंटूवर नाइस १९ दिसतं, तरी माझा प्रोग्रॅम निम्म्या वेगाने चालतो. लिनक्सची प्रायॉरिटी उलटी असते का?

उलटी तर असतेच. नाइस म्हणजे सभ्यपणा. उणे २० सगळ्यात हावरा, १९ सगळ्यात सभ्य, नेहमीचा प्रोग्रॅम ०. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ० ला १०२४ वजन देतो आणि १९ ला १५. म्हणजे एका कोअरवर दोघं भिडले तर सभ्य गड्याला जेमतेम दीड टक्का मिळावा.

तुमच्याकडे निम्मं मिळतंय त्याचं कारण गट. लिनक्स प्रोसेसचे गट पाडू शकतो आणि आधी गटागटांत वाटणी करतो. नाइस लागू होतो तो गटाच्या आत. बॉइंक सेवा म्हणून वेगळ्या गटात आणि तुमचा प्रोग्रॅम तुमच्या गटात असेल तर दोन्ही गट सारखेच वजनदार. बॉइंकची सेवा बाकी सेवांच्या गटातून काढून स्वतःच्या वेगळ्या गटात (स्लाइस) ठेवा, त्या गटाचं सीपीयू-वेट नेहमी १०० धरलेलं असतं, ते १ करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. मला हे कळायला एक आख्खा रविवार गेला होता.

१४. नवीन लॅपटॉप घेतला, पण बॉइंक जुन्यापेक्षा हळू. फसवलं का दुकानदाराने?

दुकानदाराला सोडा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर येतात. लो प्रायॉरिटीचं, मागे चाललेलं काम विंडोज ११ पुष्कळदा छोट्या कोअरवर ढकलतं. वीज वाचते, काम रेंगाळतं. मुदतीत होत असेल तर तसंच राहू द्या, उन्हाळ्यात ते वरदानच आहे.

१५. मोबाइलवर चालतं का?

अँड्रॉइडवर चालतं. प्रायॉरिटीची भानगड तिथे नाही, अटी आहेत: चार्जिंगला असावा, वायफाय असावं, बॅटरी ९०% भरलेली असावी आणि तिचं तापमान ४० अंशांच्या आत असावं. मूळ सेटिंग असं आहे. मे महिन्यात दुपारी फोन आला, "दादा, ॲप बिघडलंय, सुरूच होईना," तर समजायचं. ॲप ठणठणीत आहे, बॅटरी नुसत्या हवेनेच चाळिशी ओलांडून बसलीय. तो आकडा वाढवू नका.

१६. मी कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवतो. रात्री तीस मशीन रिकामी असतात. लो प्रायॉरिटीवर टाकलं तर कुणाला कळणारही नाही ना?

कळेल. लाइट बिलातून कळेल, एसीच्या बिलातून कळेल. आणि न कळण्याच्या भरवशावर हे करूच नये. मशीन तुमच्या ताब्यात आहे म्हणजे तुमच्या मालकीचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर वापरण्याबद्दलच आहे. सेतू केंद्रात किंवा ऑफिसात काम करणाऱ्यांनाही हेच.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. कोणता प्रकल्प, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मशीनमागे अंदाजे किती वॅट, तेही प्रश्न ६ मधल्या पद्धतीने मोजून. परीक्षांच्या काळात बंद राहील, हे वाक्य अर्जात आधीच घाला. माझ्या ओळखीच्या एका सरांचा अर्ज पहिल्यांदा परत आला होता. दुसऱ्यांदा त्यांनी तीसऐवजी सहाच मशीन मागितली आणि औंढ्याचा उल्लेख केला. सही त्याच दिवशी मिळाली.